गधिया नाणी व कोकणातील मध्ययुगीन नाणेसंग्रह

गधिया नाणी : पश्चिम व मध्य भारतात सु. नवव्या ते तेराव्या शतकांत प्रचलित असलेली चांदीची वा चांदीमिश्रित तांब्याची जाड, ओबडधोबड नाणी. गुजरात, राजस्थान, माळवा, उत्तर कोकण व महाराष्ट्राचा पठारी भाग येथे ती सापडतात. त्यांचे वजन साधारणतः चार ग्रॅम असते. पुढील बाजूस मुखवट्यासारखी आकृती व मागील बाजूस रेषा आणि ठिपके यांची रचना दिसते. लेख मात्र बहुधा नसतो. राजाचे नाव, टांकसाळ व वर्ष यांपैकी काहीच नाण्यावर नसल्यामुळे नाणेशास्त्रात त्यांचा अभ्यास अवघड मानला जातो. कोकणातील शिलाहारकालीन अर्थव्यवहार समजून घेण्याचे ते एक प्रमुख साधन आहे आणि तितकेच दुर्लक्षितही आहे.

या नाण्यांचा उगम इराणात आहे. ससानियन सम्राट फीरूझ (कार. ४५९–८४) याचा हूणांबरोबर दीर्घकाळ संघर्ष झाला. पराभवानंतर त्याला खंडणीदाखल फार मोठ्या प्रमाणावर चांदीचे द्रम्म द्यावे लागले आणि अखेर तो हूणांशी लढतानाच मारला गेला. खंडणीच्या रूपाने हूणांच्या हाती पडलेली ही नाणी त्यांच्याबरोबर भारतात आली. मूळ द्रम्म पातळ व रुंद असून त्याच्या एका बाजूस पंखयुक्त मुकुट घातलेल्या सम्राटाचा अर्धपुतळा व दुसऱ्या बाजूस अग्निवेदी आणि तिच्या दोहो बाजूंस उभे असलेले दोन सेवक कोरलेले असत. या नाण्याची चांदी उत्तम असल्याने लोकांचा त्यावर विश्वास बसला व त्याच्या नकला पाडण्यास सुरुवात झाली. नकलेवरून पुन्हा नक्कल असे काही शतके चालले. प्रत्येक पिढीतील ठसा कोरणाऱ्याने समोरच्या नाण्यावरील आकृती आपल्या समजुतीप्रमाणे उतरविली. परिणामी मुकुटाच्या जागी ठिपक्यांची रांग आली, नाक ही एक उभी रेघ झाली, डोळा म्हणजे एक टिंब उरले. अग्निवेदीचा आडव्या रेघांचा खांब झाला व सेवकांची ठिपक्यांची उतरंड झाली. नाणे आकाराने लहान व जाड होत गेले, मात्र वजन फारसे बदलले नाही. चांदीचे प्रमाण कमी होत गेले आणि अखेरच्या टप्प्यातील नाणी तर प्रायः तांब्याचीच आहेत. या ठिपक्यांत इराणी सम्राटाचे मुख दडले आहे, हे एकोणिसाव्या शतकात जेम्स प्रिन्सेप व त्याच्या समकालीन अभ्यासकांच्या ध्यानात आले. त्यापूर्वी मुखवट्याचे नाना अर्थ लावले जात.

‘गधिया’ किंवा ‘गधैया’ हे नाव लोकांनी दिलेले आहे. विक्रमादित्याचा पिता गंधर्वसेन शापामुळे गाढव झाला होता, या आख्यायिकेशी ते जोडले जाते. गद्याण या नाण्याच्या नावावरून ते आले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. कोकणातील दानलेखांच्या शिळांवर आढळणाऱ्या गाढवाच्या शापचित्राशी, म्हणजे गद्धेगाळाशी, या नाण्यांचा नावातील साम्यापलीकडे संबंध नाही. ज्या काळात ही नाणी चालत होती त्या काळात त्यांना बहुधा ‘द्रम्म’ असेच म्हणत. अरब व्यापारी सुलेमान याच्या नावावर असलेल्या ८५१ च्या वृत्तांतात बल्हराच्या, म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या, राज्यात ‘ताताऱ्या’ दिरहम चालत असल्याचा उल्लेख आहे. तो याच परंपरेतील नाण्यांविषयी असावा, असे सामान्यतः मानतात.

उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांची राजधानी स्थानक म्हणजे ठाणे. त्यांच्या राज्यातील बंदरांपैकी चेमुली अथवा चौल हे आजच्या रायगड जिल्ह्यात मोडते. चौलच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी असून तिच्या आतल्या टोकाजवळ म्हसळा हे गाव आहे. म्हसळ्याहून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर दिवेआगर लागते. दिवेआगरच्या शके ९८२ (१०६०) च्या ताम्रपटाला मराठीच्या आद्य लेखांत स्थान आहे. याच वर्षी अंबरनाथचे शिवालय पूर्ण झाले. त्याचा आरंभ छित्तराजाने केला व ते मुम्मुणीने पुरे केले. अनंतदेव शिलाहाराच्या शके १०१६ (१०९५) च्या खारेपाटण ताम्रपटात स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली या बंदरांत आपल्या दोन श्रेष्ठींच्या जहाजांना जकात माफ केल्याची नोंद आहे. यातील नागपूर हे अर्थात किनाऱ्यावरचे. अपरादित्याच्या शके ११०८ (११८७) च्या परळ शिलालेखात साष्टी भागातील एका बागेच्या उत्पन्नातून वैद्यनाथाच्या पूजेसाठी २४ द्रम्म दिल्याचे म्हटले आहे. हे २४ द्रम्म म्हणजे प्रत्यक्षात कोणती नाणी, या प्रश्नाचे सर्वांत संभाव्य उत्तर गधिया नाणी हेच आहे. समकालीन व्यवहारात द्रम्मांचे अनेक प्रकार असत व त्यांची परीक्षा करून घेण्याची चाल होती, हे गुजरातेतील लेखपद्धती या लेखनमुन्यांच्या संग्रहावरून आणि १३१८ च्या सुमारास दिल्लीच्या टांकसाळीतील ठक्कुर फेरू याने लिहिलेल्या द्रव्यपरीक्षा या ग्रंथावरून कळते.

शिलाहारांनी पाडलेली म्हणून निश्चित ओळखता येणारी चांदीची नाणी अगदी थोडी आहेत. त्यांत छित्तराजाचे (कार. सु. १०२२–३५) नाणे महत्त्वाचे आहे. आकृती नेहमीच्या गधियाची असली, तरी त्यावर नागरी अक्षरांत राजाचे नाव आहे. राजस्थानात चाहमान राणी सोमलदेवी हिच्या नावाची व माळव्याकडे ‘श्री ओंकार’ असा लेख असलेली गधिया नाणीही अशाच अपवादांत मोडतात. छित्तराजाच्या नाण्यामुळे कोकणातील गधियांच्या दीर्घ मालिकेस एक कालदर्शक खुंटी मिळाली. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुखवटा किती विकृत झाला होता, हे त्यावरून समजते आणि निनावी नाणी त्याच्या आधीची की नंतरची, असा अंदाज बांधता येतो. चार-पाच शतकांच्या मालिकेस एवढाच आधार असावा, यातच या विषयाची अडचण दिसून येते.

ही अडचण नीट कळण्यासाठी त्याच काळातील इंग्लंडच्या नाण्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. अंबरनाथचे देवालय पुरे झाल्यावर सहा वर्षांनी, १०६६ मध्ये, नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. नॉर्मन राजांच्या कारकीर्दीत (१०६६–११५४) तेथे मुख्यतः चांदीची पेनी हेच नाणे पाडले जाई. तिचे वजन सु. १·४ ग्रॅम असे. सुट्या पैशांसाठी पेनी कापून तिचे अर्धे वा पाव तुकडे चालवीत. पेनीच्या पुढील बाजूस राजाचे मुख व नाव आणि मागील बाजूस क्रूसाभोवती टांकसाळ्याचे व गावाचे नाव असे. दर दोन-तीन वर्षांनी ठसा बदलत. विल्यम पहिल्याचे आठ, विल्यम दुसऱ्याचे पाच, हेन्री पहिल्याचे पंधरा व स्टीव्हनचे सात प्रकार अभ्यासकांनी निश्चित केले आहेत. नाण्यावर नाव असल्याने जबाबदारीही निश्चित होई. हीणकस नाणी पाडल्याच्या आरोपावरून हेन्री पहिल्याने ११२४ च्या नाताळात इंग्लंडमधील टांकसाळ्यांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडविले.

हँपशरमधील बोवर्थ या खेड्यात १८३३ मध्ये मुलांना शिशाच्या पेटीत पुरलेला पेनींचा साठा सापडला. गावकऱ्यांनी जमेल तितकी नाणी नेली. तरीही सहा हजारांहून अधिक नाणी अभ्यासकांच्या हाती आली व त्यांतील बहुसंख्य विल्यमच्या एकाच प्रकारची निघाली. पुढे ती अनेक संग्रहांत विखुरली. परंतु प्रत्येक पेनीवर राजा, टांकसाळ्या व गाव असल्याने विखुरलेल्या नाण्यांचीही जुळणी करता आली. जी. सी. ब्रुक याने १९१६ मध्ये ब्रिटिश संग्रहालयातील नॉर्मन नाण्यांची सूची प्रसिद्ध केली, ती याच बळावर. लंडनच्या एखाद्या व्यापाऱ्याकडून सुटी पेनी विकत घेणाऱ्या संग्राहकासही ती कोठे व कोणी पाडली हे वाचता येते.

गधियाचे तसे नाही. गधिया कोणत्या गावी, कोणत्या भांड्यात, किती व कोणत्या अन्य नाण्यांबरोबर मिळाले, एवढेच त्याचे चरित्र होय. ही माहिती नाण्यावर नसते, ती जमिनीत असते. साठा फुटून नाणी एकेक करून बाजारात गेली, की ती नाहीशी होते. उरलेल्या नाण्यावरून फार तर पश्चिम भारत, अकरावे वा बारावे शतक, इतकेच सांगता येते. म्हणून नॉर्मन पेनीच्या बाबतीत संग्राहकाची हौस बहुतेक निरुपद्रवी ठरली, तर गधियांच्या बाबतीत तीच हौस, हेतू चांगला असूनही, पुराव्याच्या नाशास कारण झाली. दोन्हीकडील नाणी एकाच शतकातील, एकाच धातूची व जवळजवळ सारख्याच रीतीने हातोड्याने पाडलेली असली, तरी त्यांच्या संग्रहाचे नियम एक असू शकत नाहीत.

शिलाहारांची सत्ता १२६५ च्या सुमारास यादव महादेवाने संपुष्टात आणली. यादवांची प्रसिद्ध नाणी सोन्याची आहेत. बहमनी काळात चांदीचा टंका आला व त्यावर अरबी लेखात राजाचे नाव आणि हिजरी वर्ष येऊ लागले, त्यामुळे त्याच्या कालनिर्णयाचा प्रश्न फारसा उरत नाही. कोकण किनाऱ्यावर मात्र सोळाव्या-सतराव्या शतकांत एक आगळे नाणे चालले, ते लारी. इराणातील लार या शहरावरून त्यास हे नाव पडले. चांदीची तार मध्यावर दुमडून तिच्यावर ठसा मारला की लारी तयार होई. वजन पाच ग्रॅमांच्या किंचित आत असे व चांदी उत्तम असे. इराणी आखातापासून मालदीव व श्रीलंकेपर्यंत ती व्यवहारात होती. श्रीलंकेत ती गळासारखी वाकविलेली आढळते. ठसा तारेपेक्षा रुंद असल्याने लेखातील जेमतेम दोन-चार अक्षरे तारेवर उमटतात व अनेक लाऱ्या शेजारी ठेवून लेख पुरा करावा लागतो. विजापूरच्या अली आदिलशाह दुसऱ्याच्या (कार. १६५६–७२) नावाच्या लाऱ्या या रीतीनेच ओळखल्या गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर येथे एकोणिसाव्या शतकात लाऱ्यांचा मोठा साठा मिळाला होता. एकट्या लारीवरून जे वाचता आले नसते, ते अशा साठ्यांमुळे वाचता आले.

म्हसळ्याचा प्रदेश पुढे जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात मोडत होता. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग झाले. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या पट्ट्यातील वस्ती जुनी असून नारळी-पोफळीच्या बागांना आळी करताना, विहिरी खणताना व घरांचे पाये घेताना सतत माती उकरली जाते. दिवेआगर येथे १९९७ मध्ये एका पोफळीच्या बागेत तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेश-मुखवटा व दागिने मिळाले. ते गावच्या देवळात ठेवण्यात आले. २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा खून करून मुखवटा पळविला व वितळविला. पोलिसांनी सोने हस्तगत केले आणि त्यातून घडविलेल्या नव्या मुखवट्याची २०२१ मध्ये स्थापना झाली. धातू परत मिळाला. जुनी घडण गेली ती गेलीच. चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत हे मुकाट्याने घडत आले आहे आणि त्याची वार्ता होत नाही. शेतात सापडलेले नाणे सोनाराच्या मुशीत जाते. ज्या नाण्यात चांदी भरपूर ते आधी आटते. म्हणून उत्तम चांदीची आरंभीची नाणी कमी व हीणकस गधिया अधिक, असे संग्रहांत दिसते. ते प्रमाण मूळ चलनाचे नसून मुशीने ठरविलेले आहे, हे विसरता कामा नये. काही नाण्यांना कडी डाकून ती गळ्यात घालतात, काही देव्हाऱ्यात जातात. लक्ष्मीपूजनाला जुने नाणे चिंच व राख लावून लख्ख घासण्याची घरगुती रीतही अपायकारक आहे. गधियावरील ठिपके आधीच झिजलेले असतात, ते अशा दहा-वीस दिवाळ्यांत पुसून जातात.

या हानीस कायदाही काही अंशी कारण आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. वर्दी न दिल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा जातो व कैदही होऊ शकते. निधी बेवारस ठरल्यास तो शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात, अन्य करार नसेल तर, तीन चतुर्थांश व एक चतुर्थांश असा वाटला जातो. तो स्वतः संपादन करण्याचा अधिकार शासनास आहे. मात्र त्याबद्दल द्यावयाची रक्कम धातूची किंमत व तिचा एक पंचमांश एवढीच ठरलेली आहे. सोन्याच्या निधीस हे ठीक आहे. प्रायः तांब्याच्या असलेल्या गधियांच्या गाडग्याचे मोल या हिशेबाने भंगाराइतके भरते. शोधणाऱ्याने ते कचेरीत नेण्यापेक्षा सराफाकडे किंवा दलालाकडे नेले, तर त्यात नवल नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाने घेतलेल्या निधीची पूर्ण बाजारभावाने किंमत ठरते व ती शोधणारा आणि जमीनमालक यांना मिळते. सॉमरसेट भागातील च्यू खोऱ्यात २०१९ मध्ये सापडलेला २,५८४ नाण्यांचा साठा हॅरल्ड दुसरा व विल्यम पहिला यांच्या काळचा आहे. तो २०२४ मध्ये ४३ लाख पौंडांना सार्वजनिक मालकीत आला आणि अखंड राहिला. भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांची खासगी निर्यात रोखली. परंतु सापडलेली वस्तू कचेरीपर्यंत आणण्याचे आकर्षण त्याने वाढले नाही.

मुंबईत नाण्यांचा शास्त्रीय संग्रह एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा उभी राहिली. तिच्या नाणेसंग्रहात इलाख्यातील निधींतून आलेली नाणी जमा होत. भाऊ दाजींचे सहकारी भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८) यांनी १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा त्यांना यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. स्थळ निश्चित असल्याने त्या एका नाण्याचे मोल बाजारातील शेकडो नाण्यांहून अधिक ठरले. भगवानलालांनी आपली नाणी ब्रिटिश संग्रहालयास मृत्युपत्राने दिली. १९१० मध्ये अलाहाबादला स्थापन झालेल्या न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत मुंबईचे फ्रामजी ठाणावाला हे एकच भारतीय संग्राहक होते. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय १९२२ मध्ये खुले झाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत पश्चिम भारतातील नाण्यांचा मोठा संग्रह आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांनी महाराष्ट्रात मिळालेल्या नाणेसाठ्यांची सूची १९७० मध्ये प्रसिद्ध केली. एकेका सुंदर नाण्याऐवजी साठा हा अभ्यासाचा घटक मानणारे हे काम होते. नासिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेची उभारणीही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली. या संस्थेने २०१० मध्ये के. के. माहेश्वरी यांचा इराणी द्रम्मांच्या भारतीय नकलांवरील विस्तृत ग्रंथ प्रकाशित केला. मुखवट्यातील एकेका ठिपक्याची स्थाने तपासून प्रकारांची क्रमवारी कशी लावता येते, हे त्यात दिसते. त्याआधी जॉन डेयेल यांनी १९९० मध्ये उत्तर भारताच्या आद्य मध्ययुगीन चलनाविषयी लिहिताना असे दाखवून दिले, की नाण्यांतील चांदी घटली म्हणजे व्यापार खालावला, असा निष्कर्ष सरसकट काढता येत नाही. चांदी दुर्मिळ असता हीणकस नाण्यांच्या मोठ्या संख्येवर व्यवहार चालू राहू शकतात. शिलाहारांच्या कोकणास हा विचार चांगला लागू पडतो; जकातमाफी मागण्याइतका जहाजांचा व्यापार त्याच काळात चालू होता.

गधिया नाणी स्वस्त असल्याने नव्या संग्राहकास ती सहज मिळतात व त्यांच्या बनावट प्रती तुलनेने कमी आढळतात. विकत घेतलेल्या नाण्याबरोबर विक्रेत्याने सांगितलेले स्थळ, तारीख व सोबतच्या नाण्यांची संख्या लिहून ठेवणे आवश्यक असते, मग ते सांगणे अर्धवट का असेना. वजन शतांश ग्रॅमपर्यंत घ्यावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे व हिरवट पुटे खरवडू नयेत; ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने माती काढणे पुरेसे असते. जमिनीत गाडगे आढळल्यास ते न फोडता, न उपसता तहसील कचेरीस किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. गाडग्याचे खापर, त्यावरील झाकण, नाण्यांचे थर, कापडाचे अवशेष यांवरूनही काळ ठरविता येतो, आणि ते एकदा विस्कटले की पुन्हा लावता येत नाहीत. म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड व अलिबाग या तालुक्यांतील घरोघरच्या देव्हाऱ्यांत असलेली जुनी नाणी केवळ पाहून, त्यांची छायाचित्रे घेऊन व ती कोणत्या वाडीत मिळाली हे वडीलधाऱ्यांकडून विचारून नोंदविली, तरी चेमुलीच्या बंदराभोवती शिलाहारकालीन द्रम्म कोठवर पोहोचत होता याचा नकाशा तयार होऊ लागेल. त्यासाठी नाणी घरांतून हलविण्याची गरज नाही.